साहेबाच्या कट्ट्यावरची पिवळी रेघ

विजयदुर्गाच्या किल्ल्यात काही दगडी कट्टे आहेत. गावात त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. आमच्याकडे कुणी पाहुणे आले की तीन गोष्टी ठरलेल्या: आंबा असेल तर आंबा, नाहीतर आंबोळी, संध्याकाळी वाघोटन खाडीच्या तोंडावरून दिसणारा सूर्यास्त, आणि कट्ट्यापाशी उभं राहून मोठ्या काकांचं भाषण. "हयसूनच सायबान सूर्यातलो हेलियम शोधल्यान!" लहानपणापासून ऐकत आलोय. पुढे काकांचे गुडघे दुखायला लागले आणि ती जबाबदारी आपसूक माझ्याकडे आली. किती जणांना मी हे ऐकवलं असेल, देव जाणे. तारीख, वार, साहेबाचं नाव, सगळं तोंडपाठ: १८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण, नॉर्मन लॉकियर.

एका मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याला घेऊन गेलो होतो. सातवीतला पोरगा. मी नेहमीचं भाषण संपवलं आणि टाळीची वाट बघत थांबलो, तर तो म्हणाला, "मामा, पण ऑगस्टमध्ये इथे पाऊस असतो ना? सूर्य दिसला कसा?"

मंडळी, मी गप्प! चाळीस वर्षं कोकणातला पाऊस बघतोय. श्रावणात अंगणातल्या दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत हे मला माहीत आहे. आणि लंडनहून एक साहेब सूर्य बघायला म्हणून ऑगस्टात विजयदुर्गाला येतो, ही गोष्ट मी एकदाही न अडखळता सांगत होतो. घरी आल्यावर शोधाशोध सुरू केली, ती अजून चालूच आहे. हाती लागलं ते इथे लिहून ठेवतो. (मोठे काका हे वाचणार आहेत. काका, शेवटपर्यंत वाचा, मग ओरडा.)

आधी १८६८ बघू. ग्रहण खरंच झालं. १८ ऑगस्टला, श्रावण अमावास्येला, आणि फार मोठं झालं. जिथे सर्वांत जास्त वेळ टिकलं त्या सयामच्या आखातात सूर्य पावणेसात मिनिटं झाकलेला होता. सयामचा राजा मोंगकूट याने स्वतः गणित करून ग्रहण कुठून दिसेल ते ठरवलं, युरोपियन पाहुण्यांना तिथे बोलावलं, गणित बरोबर आलं, आणि त्या दलदलीतून राजा मलेरिया घेऊन परतला. १ ऑक्टोबरला तो वारला. याच्यावर स्वतंत्र लिहायला हवं. असो.

ग्रहणाचा पट्टा एडनवरून येऊन आपल्या किनाऱ्यावर चढला आणि पूर्वेकडे मछलीपट्टणमला समुद्रात उतरला. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होतं, हे खरं. पण आलेल्या शास्त्रज्ञांना आमच्या भाच्याएवढी अक्कल नक्कीच होती! ते सह्याद्रीच्या पलीकडे, कमी पावसाच्या मुलखात जाऊन बसले. रॉयल सोसायटीने लेफ्टनंट जॉन हर्शेलला जमखंडीला धाडलं, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा हा नातू. तिथेही ढगांनी त्याला छळलंच. मेजर टेनंट आणि फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर जान्सेन गुंटूरला होते. मद्रास वेधशाळेचा पॉगसन मछलीपट्टणमला.

आणि लॉकियर? लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होता. वय बत्तीस, नोकरी लंडनच्या युद्धखात्यात कारकुनाची, आणि खगोलशास्त्र हा कचेरी सुटल्यानंतरचा नाद. ग्रहणाला जाणं त्याला जमलं नाही. त्याने मागवलेलं नवं वर्णपटदर्शक यंत्रसुद्धा तोवर तयार झालं नव्हतं.

आता यंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर ही सगळी माणसं उन्हात कशासाठी तडफडत होती ते कळणार नाही. वरणाचं खारट पाणी उतू जाऊन शेगडीवर सांडलं की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, हे प्रत्येक घरात घडतं. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. तो उजेड लोलकातून पसरवला तर सगळे रंग दिसत नाहीत, अगदी जवळजवळच्या दोन बारीक पिवळ्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा आपापल्या रेघा असतात आणि एकाच्या दुसऱ्याशी जुळत नाहीत. हे किर्चहोफ आणि बुन्सेन या दोघांनी १८५९-६० च्या सुमारास पक्कं केलं. त्याआधी पंचवीसेक वर्षं, १८३५ मध्ये, ऑग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने लिहून टाकलं होतं की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. ‘कधीच’ हा शब्द जपून वापरावा!

तर ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेवर लाल ज्वाला दिसतात, त्या नक्की काय आहेत हा १८६८ चा प्रश्न होता. सगळ्यांनी यंत्रं रोखली आणि उत्तर मिनिटाभरात मिळालं: तेजस्वी रेघा दिसल्या, म्हणजे ज्वाला तापलेल्या वायूच्या, आणि त्यात हायड्रोजन भरपूर. शिवाय एक पिवळी रेघ होती. ती जमखंडीला हर्शेलनेही पाहिली. त्याला ती नारिंगी वाटली आणि ती सोडियमचीच असं त्याने धरलं. बाकीच्यांचंही साधारण तेच. पिवळी म्हणजे सोडियम, त्यात काय बघायचं?

जान्सेनचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होतं. ज्वालांच्या रेघा इतक्या झगझगीत होत्या की त्याला वाटलं, या ग्रहणाशिवायही दिसतील. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला सकाळी, लखलखत्या सूर्याच्या कडेवर त्याने यंत्र लावलं आणि रेघा दिसल्या. तोवर ज्वाला बघायला जगभर ग्रहणामागे धावावं लागे, तेही काही मिनिटांसाठी. माझ्या मते त्या ऑगस्टमधला खरा शोध हा. १८ चा नव्हे, १९ चा. (हा जान्सेन भारी माणूस. १८७० मध्ये पॅरिसला जर्मन फौजांचा वेढा पडला असताना तो बलूनमधून वेढ्यावरून उडून अल्जीरियाला ग्रहण बघायला गेला. तिथे ढग आले.)

इकडे लॉकियरचं यंत्र ऑक्टोबरात हाती आलं. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने लंडनमध्ये, आपल्या घरून, ग्रहण वगैरे काही नसताना त्याच रेघा पाहिल्या. जान्सेनने काकीनाड्याहून १९ सप्टेंबरला लिहिलेलं पत्र आणि लॉकियरची बातमी, दोन्ही पॅरिसच्या अकादमीपुढे २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत आली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे मुखवटे असलेलं पदक काढलं. भांडण लावायची इतकी चांगली संधी असून दोघांनी ती वाया घालवली आणि आयुष्यभर मैत्री ठेवली.

पण लॉकियरने एक जास्तीची गोष्ट केली. ती पिवळी रेघ नीट मोजली. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ भागांवर पडतात. ही पडत होती ५८७.६ वर. फरक जेमतेम दीड भागाचा. घाईत असलेल्या माणसाने सोडून दिला असता असा. लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांनी हायड्रोजन निरनिराळ्या दाबाखाली तापवून ती रेघ येते का बघितलं. नाही आली. पृथ्वीवरच्या कशातूनच ती येईना. मग ‘हेलियम’ हे नाव जन्माला आलं, ग्रीक सूर्यावरून. जाहीरपणे ते १८७१ मध्ये विल्यम थॉमसनच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनच्या, भाषणात आलं. शेवटचं ‘-इयम’ सोडियम-पोटॅशियमसारखं, कारण तो धातू असणार असा समज होता. नावातच चूक घेऊन जन्मलेलं मूलद्रव्य!

त्याच १८७१ च्या डिसेंबरात लॉकियर पहिल्यांदा भारतात आला. १२ डिसेंबरच्या ग्रहणासाठी. आणि कुठे उतरला? समुद्रकाठच्या एका किल्ल्यात! पण तो किल्ला बेकलचा, आताच्या उत्तर केरळातला. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, संपला आपला कट्टा.

पुढची चोवीस वर्षं हेलियमचं काहीच झालं नाही. रसायनशास्त्रज्ञांना बाटलीत भरता येईल असं काहीतरी हवं होतं. सूर्यावरची एक रेघ म्हणजे मूलद्रव्य हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं. मग २६ मार्च १८९५ ला लंडनमध्ये विल्यम रॅमसेने क्लेव्हाइट नावाच्या, युरेनियम असलेल्या दगडावर आम्ल ओतलं. निघालेल्या वायूत त्याला अर्गॉन सापडतो का बघायचं होतं. सापडली पिवळी रेघ. सोडियमच्या शेजारची, पण सोडियमची नव्हे. रॅमसेने नमुने तपासायला विल्यम क्रुक्सकडे आणि लॉकियरकडे पाठवले. लॉकियर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता. सत्तावीस वर्षांपूर्वी सूर्याच्या कडेवर पाहिलेली रेघ आता त्याच्या पुढ्यात, काचेच्या नळीत होती.

(या रॅमसेचा आपल्याशीही संबंध आहे. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी जागा कोणती हे ठरवायला तो १९००-०१ मध्ये भारतात आला आणि त्याने बंगळूर सुचवलं. संस्थेचा पहिला संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स हा त्याचाच सहकारी.)

आणि आता काका, तुमचा कट्टा. २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण झालं, आणि या खेपेला सावलीचा पट्टा विजयदुर्गापाशीच किनाऱ्यावर चढून तिरका महाराष्ट्र ओलांडत बक्सरकडे गेला. जानेवारी महिना, निरभ्र आकाश! लॉकियर, आता सर नॉर्मन लॉकियर, विजयदुर्गाला आला. त्याच्या मदतीला ‘मेलपॉमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी होते. कोण दुर्बिणीवर, कोण घड्याळावर, कोण प्रभामंडळाचं चित्र काढणार, अशी कामं त्यांच्यात वाटली. सगळा खटाटोप सुमारे दोन मिनिटांच्या काळोखासाठी. मुंबई-पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि रँडवर गोळ्या झाडल्या त्याला पुरते सात महिनेही झाले नव्हते. अशा दिवसांत गोऱ्या खलाशांनी भरलेली नौका खाडीत आली तेव्हा गावाला काय वाटलं असेल, याची कुठे नोंद असती तर मी ती आधी वाचली असती.

कट्टे या छावणीचेच असणार असं माझं मत आहे. जड यंत्रं न हलता उभी राहायला असेच पक्के चौथरे लागतात. म्हणजे साहेब खरा, कट्टे खरे, १८६८ चं ग्रहणही खरं. फक्त ही तिन्ही कधी एकत्र नव्हती. लोकांनी तीस वर्षांची घडी घालून ती एका दगडावर ठेवली, आणि आता १८ ऑगस्टला गडावर हेलियम दिनही साजरा होतो. साहेब इथे आला तेव्हा हेलियम प्रयोगशाळेत सापडून जवळजवळ तीन वर्षं झाली होती.

त्याच ग्रहणाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आणखी एक छावणी होती, तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. पुण्याच्या सायन्स कॉलेजातल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या विद्यार्थ्यांना आणि यंत्रांना घेऊन तिथे गेले होते. वर्णपटाचे फोटो घेतले, पुढे अहवाल छापला. शेजारीच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कँपबेल. एका हिंदी माणसाने चालवलेली ही मोहीम. पण तिथे ना कट्टा, ना दंतकथा. त्यांच्या वेधशाळेतली यंत्रंही १९१२ मध्ये कोडाइकनालला गेली. माझ्या हातात असतं तर जेऊर स्टेशनावर एक पाटी लावली असती.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण ती रेघ येते कशामुळे हे विचारायचं राहिलंच, आणि भाचा ते विचारणार. लॉकियरला ते माहीत नव्हतं. १८६८ मध्ये अणूच्या आत काही असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. अणू म्हणजे न फुटणारी गोळी, पुष्कळांच्या मते तर नुसती हिशेबाची सोय.

आत जायची वाट पुन्हा याच रेघेवरून गेली. १९०८ मध्ये मँचेस्टरला रदरफोर्ड आणि त्याचा विद्यार्थी रॉइड्स यांनी किरणोत्सारी वायू अतिशय पातळ काचेच्या नळीत कोंडला, भोवती दुसरी निर्वात नळी ठेवली. आतून निघणारे अल्फा कण पातळ काच भेदून बाहेरच्या नळीत जमत होते. काही दिवसांनी बाहेरच्या नळीत विजेची ठिणगी सोडली, तर पिवळी रेघ! अल्फा कण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियमचा अणू. आता कळलं की तो युरेनियमच्या दगडात काय करत होता. तो दगडातच तयार होत होता, युरेनियम फुटता फुटता. तेच अल्फा कण रदरफोर्डच्या लोकांनी सोन्याच्या वर्खावर सोडले, त्यातले काही उलटे फिरले आणि १९११ मध्ये अणूला केंद्र असल्याचं कळलं. म्हणजे अणूची पोकळी ठोकून बघायला वापरलेला हातोडा हेलियमचाच.

१९१३ मध्ये नील्स बोरने केंद्राभोवती ठरावीक पायऱ्यांवर इलेक्ट्रॉन बसवले. वरून खाली उडी मारली की ठरावीक उजेड, म्हणजे ठरावीक रेघ. वादाला कारणीभूत पुन्हा हेलियम! काही रेघा सगळे हायड्रोजनच्या समजत होते, बोर म्हणाला त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या. आल्फ्रेड फाउलरने हरकत घेतली. हा फाउलर लॉकियरचा जुना सहायक, मोजमापात गुरूसारखाच पक्का. तो म्हणाला, तुमच्या सूत्राप्रमाणे प्रमाण नेमकं ४ यायला हवं, मला ४.००१६ मिळतं. बोरने केंद्रही इलेक्ट्रॉनमुळे किंचित हलतं हे हिशेबात धरलं आणि उत्तर काढलं: ४.००१६३. फाउलरने मान्य केलं. मूळच्या त्या पिवळ्या रेघेचा हिशेब मात्र बोरच्या गणितातही बसत नव्हता. दोन इलेक्ट्रॉन आले की ते कोलमडायचं. त्यासाठी १९२६ पर्यंत, हायझेनबर्गपर्यंत थांबावं लागलं.

शाळेत आपण ‘स्थायू, द्रव, वायू’ घोकतो आणि वाटतं, थंड करत गेलं की सगळंच एक दिवस गोठणार. हेलियम इथेही वाकडा. हॉलंडमध्ये लायडनला कामरलिंग ऑनेसने १० जुलै १९०८ ला त्याचा द्रव केला, उणे २६९ अंशांवर. पण गोठेना. साध्या दाबाखाली तो कितीही थंड केला तरी गोठत नाही. १९२६ मध्ये कीसोमने पंचवीसहून अधिक वातावरणांचा दाब दिला तेव्हा कुठे गोठला. आणि उणे २७१ च्या खाली तो असा द्रव होतो की भांड्याच्या भिंतीवरून चढून आपणहून बाहेर येतो. हे १९३८ मध्ये उलगडलं. अणू इतका हलका आणि शेजाऱ्याची ओढ इतकी कमी, की तो कधी एका जागी बसतच नाही. (आमच्याकडे असा एक आतेभाऊ आहे. नाव सांगत नाही.)

लॉकियरचं काय झालं? त्याने पुढे आयुष्यभर एक मत धरून ठेवलं: सूर्याच्या उष्णतेत अणू फुटतात, म्हणून तिथल्या काही रेघा वेगळ्या दिसतात. लोक हसले. १६ ऑगस्ट १९२० ला तो वारला. त्याच ऑक्टोबरात कलकत्त्याच्या मेघनाद साहाचा निबंध छापून आला. सूर्याच्या वरच्या थरात अणू फुटत नाहीत, पण त्यांचे इलेक्ट्रॉन निखळतात, किती निखळतील हे तापमान आणि दाब ठरवतात, आणि म्हणून रेघा बदलतात. लॉकियरचं उत्तर चुकलं होतं, पण बोट बरोबर जागी होतं. त्याच सुमारास साहा लंडनला गेला आणि फाउलरच्याच प्रयोगशाळेत बसून काम करू लागला. दोन महिने आधी हे छापून आलं असतं तर म्हाताऱ्याला वाचायला मिळालं असतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

हे सगळं मी मागच्या आठवड्यात काकांना फोनवर सांगितलं. वीसेक मिनिटं ते काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "म्हणजे सायब इल्लो होतो?"

"आला होता. जानेवारीत. अठराशे अठ्ठ्याण्णवला."

"मगे तारीख बदल होयी तर. कट्टो खंय जाता?"